उतरा, साहेब

वस्तीत त्यांना सगळे ‘उतरा’ म्हणतात. हे नाव आईबापांनी ठेवलेले नाही, आणि तोंडावर कोणी त्या नावाने हाकही मारत नाही. तोंडावर ते ‘मिस्त्री’च असतात. पण नगर कार्यालयाची गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली, की भाजीवालीपासून चष्मेवाल्यापर्यंत कोणीतरी ओरडते, “अरे, उतराला बोलवा!” मग मिस्त्री हातातली कानस खाली ठेवतात, ॲप्रनला हात पुसतात, ताडताड चालत गाडीपाशी जातात आणि मागच्या काचेवर बोटाच्या पेराने टकटक करतात. म्हणतात एकच शब्द. हा शब्द म्हणण्याचा अधिकार तुम्हाला दिला कोणी, असे त्या कार्यालयातल्या एका कारकुनाने कुत्सितपणे विचारले होते. मिस्त्रींनी उत्तर दिले, “कोर्टाने.” कायद्याच्या काटेकोर नजरेला हे उत्तर पटणार नाही. पण ते सरळ खोटेही म्हणता येत नाही.

मिस्त्रींचा धंदा फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या दुरुस्तीचा. शाळांचे बँड, पोलिसांचा बँड, नाटक मंडळी, हौशी वादक, सगळ्यांची वाद्ये त्यांच्या गाळ्यात येतात. गाळा दवाखान्याच्या मागच्या गल्लीत, शिंपी आणि सायकलवाला यांच्या मधोमध. आत एक लांब बाक, त्यावर वेगवेगळ्या जाडीच्या लोखंडी सळया, लाकडी हातोड्या, डाख द्यायची शेगडी, आणि भिंतीवर खुंट्यांना टांगलेली पितळी धुडे. पोचा डोळ्यांना दिसतो, तो आतून सळई घालून ठोकता येतो. गळती दिसत नाही. वाद्य वाजवले आणि वरचा सूर लटपटला, म्हणजे ती कळते. म्हणून प्रत्येक वाद्य दुरुस्तीच्या आधी आणि नंतर वाजवावे लागते: खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत, एकेक सूर दम संपेस्तोवर ओढत. त्याला संगीत म्हणणे धाडसाचे ठरेल.

“म्हैस अडल्यासारखं वाजवता,” त्यांची बायको म्हणायची. ती दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला होती आणि तिच्या जिभेला इस्त्रीची धग होती. “कधीतरी एखादं गाणं वाजवा की.”

“गाण्यात गळती लपते,” मिस्त्री म्हणायचे.

तेव्हा आवाज होत होता, हे आधीच मान्य केले पाहिजे. मिस्त्रींवर झालेला अन्याय सांगणारे लोक हा भाग गाळतात, आणि त्यामुळे त्यांची हकिकत कच्ची राहते. समोरच्या घरात एक निवृत्त पोस्टमास्तर राहत. त्यांची पत्नी आजारी होती. रात्री दुखण्याने तिचा डोळा लागत नसे. जी काही झोप मिळे, ती दुपारी. ट्यूबा या अजस्र पितळी वाद्याचा खालचा सूर त्या गल्लीत भिंतींना धडकून फिरतो, खिडकीच्या काचा थरथरतात. पोस्टमास्तरांनी नगर कार्यालयात तक्रार केली. त्यांच्या जागी कोणीही केली असती.

आता कार्यालयाविषयी. आवाज, धूर किंवा वास यांचा शेजाऱ्यांना उपद्रव होतो असे अधिकाऱ्याचे मत झाले, तर कोणताही गाळा बंद करण्याचा अधिकार त्याला कायद्याने दिला होता. अधिकार मोठा, म्हणून त्याच कलमात दोन अटी घातल्या होत्या: अधिकाऱ्याने स्वतः पाहणी करायची आणि गाळेवाल्याचे म्हणणे ऐकायचे. या अटी कोणी मोडल्या नव्हत्या. त्या नुसत्या झिजल्या होत्या. पाहणीला कार्यालयात ‘चक्कर’ म्हणत. ठरलेल्या दुपारी गाडी निघे, तक्रार आलेल्या एकेका जागेसमोर क्षणभर थांबे, मागच्या बाकावरून साहेब बाहेर नजर टाकत, पुढे बसलेला कारकून “हीच ती जागा” म्हणे, आणि गाडी पुढे सरके. आधीच्या साहेबांनी हेच केले होते, त्यांच्या आधीच्यांनीही. चक्कर म्हणजेच पाहणी, अशी तिथे सर्वांची प्रामाणिक समजूत होती. लबाडी निदान पकडता तरी येते. प्रामाणिक समजुतीला पकडायचे कुठे?

त्या दुपारी गाडी मिस्त्रींच्या दारात थांबली. तक्रारीची कुणकुण शिंप्याकडून त्यांच्या कानावर आलेली होती. हातातले काम टाकून ते बाहेर धावले. मागची काच बोटभर खाली होती. त्या फटीशी तोंड नेऊन त्यांनी सांगितले की दुपारी वाजवणार नाही, सकाळीच वाजवीन, दार लावून वाजवीन. समोर आजारी माणूस आहे, मलाही कळतं. बोलणे पुरे व्हायच्या आत काच वर गेली. काळ्या काचेत मिस्त्रींना स्वतःचेच तोंड दिसले, आणि मग तेही पुढे सरकले.

ते कोणत्या आवाजात बोलले, याविषयी दोन हकिकती आहेत. मिस्त्रींच्या मते अत्यंत नम्रपणे. बायकोच्या मते, “हे आणि नम्रपणे? यांनी लग्नात माझ्या बापालाही दरडावलं होतं.” शिंपी दोघांच्या मध्ये पडतो: आधी हळू बोलले, काच वर गेल्यावर ओरडले. शिंप्याचेच खरे मानावे, कारण त्याला यातून काही मिळवायचे नव्हते.

दोन दिवसांनी माणसे आली, गाळ्याला कुलूप घातले, त्यावर लाख ओतली. हुकूम चार ओळींचा होता. ‘प्रत्यक्ष पाहणी केली असता’ अशी सुरुवात, ‘संबंधिताचे म्हणणे विचारात घेता’ असा मध्य, आणि शेवटी गाळा कायमचा बंद.

बायकोने तो मोठ्याने वाचला. “म्हणणं विचारात घेता? कधी घेतलं विचारात? काच वर करता करता?”

मिस्त्रींनी कागद तिच्या हातातून ओढून घेतला. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

गाळ्यात लोकांची वाद्ये अडकली होती. शाळेच्या बँडचे मास्तर दारात येऊन डाफरले, जणू लाख मिस्त्रींनीच ओतली होती. नाटकवाल्यांनी दुसऱ्या शहरातला कारागीर गाठला. मिस्त्री एका फर्निचरच्या गोदामात कपाटे उतरवू लागले. ज्या हातांना पत्र्याची जाडी नुसत्या स्पर्शाने कळत असे, त्या हातांना गोदामाच्या मुकादमाने पहिल्याच दिवशी सांगितले, “म्हातारबा, जरा जपून, दारं मोडाल.” घरी आल्यावर ते जेवत, भिंतीकडे पाहत आणि झोपत. सुट्टीच्या दिवशी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत. साहेब भेटत नसत. साहेब चक्करीवर असत.

“तिथे बसून काय उपटता?” बायको एके दिवशी उसळली. “त्यांना डोळे नाहीत, कान नाहीत, आणि तुम्ही तोंड घेऊन जाता! ज्याच्यापुढे साहेबाला तोंड उघडावं लागेल, तिथं जा.”

म्हणून ते वकीलबाईंकडे गेले. बाई तरुण होत्या, आणि त्यांची लहानपणापासूनची क्लॅरिनेट त्याच कुलपाआड होती. “मिस्त्री, तुमच्यासाठी नाही, मी माझ्या क्लॅरिनेटसाठी लढतेय,” त्या म्हणाल्या. हा विनोद होता, पण मिस्त्रींना तो विनोद वाटला नाही. त्यांना तो बाईंमधला पहिला भरवशाचा गुण वाटला.

वरच्या न्यायालयात अर्ज गेला. तारखा पडत राहिल्या. तोवर कुलूप काढण्याची विनंती मान्य झाली नाही. उपद्रवाची तक्रार असताना ते योग्य होणार नाही, असे सांगण्यात आले. दरम्यान हिवाळ्यात पोस्टमास्तरांची पत्नी वारली. मिस्त्री खांदा द्यायला गेले नाहीत. बायको गेली, आणि परत आल्यावर दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही.

अखेर सुनावणी लागली. सरकारी वकिलांचा मुद्दा वजनदार होता, आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. ते म्हणाले, उपद्रव आहे की नाही हे मत अधिकाऱ्याचे असावे असे कायदाच सांगतो. न्यायालय त्याच्या जागी स्वतःचे मत ठेवू लागले, तर मग अधिकारी हवेत कशाला?

न्यायाधीशांनी मान डोलावली. “बरोबर आहे. ट्यूबा कुठे वाजावा हे आम्ही ठरवणार नाही. मत साहेबांचंच. पण ते त्यांच्याकडे आलं कुठून, एवढं तर आम्ही विचारू शकतो ना?” मग त्यांनी हजर असलेल्या अधिकाऱ्यांकडे पाहिले. “पाहणी केलीत?”

“हो, महोदय. स्वतः केली.”

“आत गेलात?”

“आत जायची गरज नसते. गाडी अगदी दारासमोर उभी होती.”

“म्हणजे तुम्ही गाडीत होता.”

“अर्थात.” साहेबांना प्रश्नाचा रोख कळलेला दिसत नव्हता. इतके दिवस सगळेच गाडीत असत.

“काच?”

“वर होती. त्या गल्लीत फार धूळ असते.”

“गाळेवाला तेव्हा काही बोलला?”

“बोलत होता काहीतरी.”

“काय?”

“काच वर होती, महोदय.”

“आणि वाद्याचा आवाज? तो ऐकलात?”

“आवाजाची तक्रार होती ना.”

“तक्रार होती. आवाज ऐकलात का?”

साहेब जरा चिडले. “महोदय, मी सांगितलं ना. काच वर होती.”

दालनात हशा पिकला. मागच्या बाकावर मिस्त्रींची बायको पदर तोंडाला लावून हसली. वकीलबाईंनी खाली कागदात पाहिले, पण त्यांचे खांदे हलत होते. मिस्त्री एकटे हसले नाहीत. नंतर ते म्हणत, “लोक हसले कशाला? हा माणूस खोटंसुद्धा बोलला नाही. म्हणजे याला यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही! माझा गाळा बुडवला आणि त्याला कबूल करायला लाजसुद्धा वाटली नाही.” या चिडण्यात जेवढा अर्थ आहे, तेवढा त्या दिवशीच्या हशात नव्हता.

निकाल त्याच दुपारी सांगण्यात आला. कायद्याने ज्याला मत बनवायला सांगितले आहे, त्याने ते स्वतःच्या डोळ्याकानांनी बनवले पाहिजे आणि ज्याचे नुकसान होणार त्याचे ऐकून बनवले पाहिजे. असे मत बनलेच नसेल, तर हुकमाला आधारच राहत नाही. हुकूम रद्द. लाख काढावी. अधिकाऱ्यांनी कायद्याप्रमाणे पाहणी करून नव्याने निर्णय घ्यावा, आणि तोवर वाद्ये वाजवू नयेत.

बाहेरच्या पायऱ्यांवर बायकोने वकीलबाईंचे दोन्ही हात धरले. मिस्त्री एक पायरी खाली थांबले होते.

“जिंकलो ना?”

“हुकूम रद्द झाला, मिस्त्री.”

“मग उद्या उघडू?”

“उघडा. पण वाजवू नका. साहेब येऊन नव्याने ठरवतील.”

“कोण साहेब?”

वकीलबाईंनी कागद पिशवीत घातले. “तेच.”

मिस्त्रींचा चेहरा लालबुंद झाला. “तेच? ज्यानं माझं दुकान बुडवलं, त्यालाच सांगायचं की बाबा, आता नीट बुडव? आणि हे इतके दिवस? माझी गिऱ्हाइकं? ते कोण भरून देणार?”

“त्यासाठी वेगळा दावा लावावा लागेल. आणि साहेब म्हणतील, सद्भावनेनं केलं. कायदा त्याला सांभाळून घेतो.”

“सद्भावना!” मिस्त्री इतक्या जोरात ओरडले, की दाराशी उभा शिपाई वळला. “मी एकाची ट्रम्पेट न वाजवता ‘झाली’ म्हणून परत दिली, तर तो मला जोड्यानं मारेल. तिथं चालेल का सद्भावना?”

“अहो, हळू,” बायको म्हणाली.

“हळूच बोलत होतो काचेपाशी! काय झालं?”

वकीलबाईंनी त्यांना बोलू दिले. मग म्हणाल्या, “मिस्त्री, कोर्ट साहेबांच्या खुर्चीत जाऊन बसत नाही. मलाही कधी कधी त्याचा राग येतो. पण उद्या तो खुर्चीत बसणारा तुमच्या बाजूचा असला, तर त्यालाही कोर्टानं हलवू नये असं तुम्हालाच वाटेल. आपल्याला आज मिळालंय ते एवढंच: साहेबांना यावं लागेल.”

“आणि उतरावं लागेल?”

“उतरावं लागेल. आत यावं लागेल. ऐकावं लागेल.”

मिस्त्रींनी तो शब्द स्वतःशी पुन्हा म्हणून पाहिला.

कुलूप निघाले तेव्हा गाळ्यात कोंदट वास भरला होता. पितळावर हिरवट चट्टे आले होते, ट्रम्पेटच्या झडपा जागच्या जागी चिकटल्या होत्या, क्लॅरिनेटच्या भोकांवरच्या गाद्या वाळून कडक झाल्या होत्या. मिस्त्री गोदामातून सुटल्यावर रोज येऊन पुसत बसत, पण फुंक मारत नसत. मनाई पाळायची म्हणजे पाळायची.

पाहणीच्या आदल्या दिवशी बायकोने सुचवले, “रुमाल कोंबा आत. हळू वाजेल.”

“तो रुमालाचा आवाज होईल.”

“असू दे की! गाळा तर वाचेल. तुमच्या टेकीवर घर चालत नाही, माझ्या पगारावर चालतंय, ध्यानात आहे ना?”

“त्यानं एकदा न ऐकता ठरवलं,” मिस्त्री म्हणाले, “आता मी त्याला खोटं ऐकवू? मग त्याच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?” बायकोने कपाळावर हात मारला आणि रुमाल घडी करून परत ठेवला.

गाडी आली. गल्लीतली सगळी दारे उघडी होती. गाडी बरोबर गाळ्यासमोर थांबली, कारकून म्हणाला, “हीच ती जागा,” आणि साहेबांनी सवयीने मागच्या बाकावरून बाहेर नजर टाकली. इंजिन चालूच होते. ते निघून जाणार होते असे म्हणता येणार नाही. पण ते उतरत नव्हते, हेही खरे. शरीरालाच ती सवय नव्हती.

मिस्त्री पुढे झाले आणि त्यांनी काचेवर टकटक केली.

“उतरा, साहेब.”

दार उघडले. साहेबांचा बूट गल्लीच्या धुळीत पडला. शिंपी आजही तो क्षण सांगताना हातातली कात्री खाली ठेवतो.

आत एकच स्टूल होते. साहेब त्यावर बसले; कारकून आणि वकीलबाई बाकाशी उभे राहिले. मिस्त्रींनी एक ट्रम्पेट उचलली, झडपांत तेल सोडले, आणि खालून वरपर्यंत सूर ओढले, एकही न चोरता. वरचा सूर फाटला, कातडे टरकावे तसा.

साहेबांनी तोंड वाकडे केले. “हा कसला आवाज?”

“हा तुमचा आवाज, साहेब. बंद पडून राहिलेल्या वाद्याचा. आधी असा नव्हता. आधीचा ऐकायला तेव्हा उतरायला हवं होतं.”

कारकुनाने लिहिणे थांबवले. वकीलबाईंनी डोळ्यांनी मिस्त्रींना गप्प केले. मग साहेबांनी, न्यायालयाने सांगितले होते म्हणून, पोस्टमास्तरांना बोलावले.

“तुमचं म्हणणं काय?”

पोस्टमास्तर दारातच उभे राहिले. “माझं म्हणणं? दुपारी वाजू नये, एवढंच होतं. सकाळी ती जागीच असायची.”

“गाळा बंद व्हावा असं नव्हतं?”

“छे! बंद कशाला? त्यांचं पोट आहे.”

“मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“विचारलं कोणी?” पोस्टमास्तर म्हणाले. “गाडी आली, मी खिडकीतून हात केला. गाडी गेली.” मग त्यांनी मिस्त्रींकडे पाहिले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. “आता दुपारी झोपणारं कोणी घरात नाही. वाजवा तुम्ही.”

मिस्त्रींच्या हातात ट्रम्पेट होती आणि ती खाली ठेवायला त्यांना जागा सापडत नव्हती.

नवा हुकूम आठवड्याभरात आला. तो चांगला तीन पानांचा होता, कारणांसह. सकाळच्या वेळेत, दार लावून, वाद्ये वाजवण्यास हरकत नाही, दुपारी मनाई.

मिस्त्रींनी तो उभ्याने वाचला, आणि मग त्यांचा संताप असा उसळला की सायकलवाला पाना टाकून धावत आला. “हे मी सांगितलं होतं! हेच! दुपारी नाही, सकाळी, दार लावून! त्या फटीतून सांगितलं होतं! एवढं ऐकायला याला वरचं कोर्ट लागलं? बाई तिकडे मेली, माझी गिऱ्हाइकं गेली, आणि हा मला माझंच बोलणं तीन पानांवर लिहून पाठवतो!”

वकीलबाई म्हणाल्या की पोस्टमास्तरांच्या ताज्या बोलण्यावरून दुपारची मनाईही काढून घेता येईल, अर्ज करू. मिस्त्रींनी नकार दिला, आणि हा नकार वस्तीत अजूनही कोणाला नीट उलगडलेला नाही. बायकोला तो निव्वळ हट्ट वाटतो. मिस्त्रींचे स्वतःचे कारण असे: “हा हुकूम त्यानं उतरून दिलाय. हा मी पाळणार. न उतरता दिलेला कधी पाळणार नाही.”

तेव्हापासून त्यांच्या दुपारी रिकाम्या असतात, कारण न वाजवता दुरुस्ती पुरी होत नाही. आणि चक्कर दुपारीच निघते. या दोन गोष्टींची गाठ हुकमानेच घालून दिली, हे कार्यालयाच्या लक्षात आले तेव्हा उशीर झाला होता. शाळेचा बँड परतला, नाटकवाले परतले नाहीत. साहेब बदलून गेले, नवे आले. गाडी तीच राहिली.

परवा ती कोळशाच्या वखारीसमोर थांबली. वखारवालीविरुद्ध धुळीची तक्रार होती. मिस्त्री पोचले तेव्हा काच अर्धी वर गेली होती. त्यांनी टकटक केली.

नवे साहेब हसले. “तुम्हीच का ते? तुमचं काय काम इथं? तक्रार तुमची नाही, वखार तुमची नाही.”

“काच तीच आहे,” मिस्त्री म्हणाले. “उतरा.”

साहेब उतरले. वखारवाली हात पुसत पुढे आली आणि भडाभडा बोलू लागली: पोती, वारा, शेजारणीचे वाळत घातलेले कपडे, ताडपत्री घालायची तिची तयारी. बराच वेळ बोलली. एकदा साहेबांनी मान वळवून गाडीकडे पाहिले. मिस्त्री गाडीच्या दाराला पाठ टेकून उभे होते, हाताची घडी घालून, आणि हलायचा त्यांचा मुळीच विचार दिसत नव्हता.